विल्फ रटरची बंद पडलेली बिअर

विल्फ रटरची बिअर प्यायला नाही असा माणूस आमच्या गल्लीत नव्हता, आणि तिला शिव्या घातल्या नाहीत असाही नव्हता. घरी बिअर करायला माल्टच्या अर्काचे डबे सगळेच आणायचे आणि डब्यावर लिहिलंय तसं निमूट करायचे. विल्फला ते कसलं जमतंय! तो त्यात काकवी ओतायचा, आलं किसायचा. एकदा तर करपलेले टोस्ट टाकले. मी तोंड वाकडं केलं तर मलाच म्हणतो, "काळ्या बिअरमध्ये आणखी काय असतं गं, पोरी?" मी त्याची शेजारीण. मधली भिंत इतकी पातळ की बाटलीचं झाकण उडालेलं मला माझ्या स्वयंपाकघरात कळायचं.

मग जहाजं बांधायचं यार्ड बंद पडलं. उभा जन्म तिथे वेल्डिंग केलेला माणूस घरी आला. आम्ही मोर्चे काढले, साहेबलोकांच्या दारात घसे फोडले. त्यांनी खिडकीचा पडदासुद्धा हलवला नाही. तो राग माझ्या पोटात अजून आहे, असो. विल्फ खिडकीपाशी खुर्चीत बसला तो बसलाच. बिअरची बादली माळ्यावर गेली. मित्र आले की हा डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचा.

त्याची बायको ऑड्री एकदा कुंपणापाशी मला म्हणाली, "याचा भाऊ असाच बसला होता गं. खुर्चीतून उठला तो थेट दफनालाच."

शेवटी तिनंच बादली खाली काढली. पहिल्या वेळी अर्क गरम असतानाच यीस्ट टाकलं. ते मेलं, आणि गोड पाणी मोरीत गेलं. विल्फ बघत होता. दुसऱ्या वेळी मात्र तिनं निवू दिलं. आठवडाभर बादली छान फसफसली. तिनं बाटल्या भरल्या, झाकणं ठोकली, उबेसाठी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात रांगेनं उभ्या केल्या आणि दुपारी बहिणीकडे गेली.

पुढच्या शनिवारी चहाच्या वेळेला धडाम! मला वाटलं, बॉयलर गेला. आमची घरं नगरपालिकेची, म्हणून तिला काय काय सुनवायचं ते जुळवतच मी त्यांच्या घरात घुसले. छतावरून फेस ठिबकत होता, जमिनीवर काचा. आणि विल्फ कपाटाचं दार पाठीनं दाबून उभा! आतून आणखी एक बाटली फुटली.

"साखर किती घातलीस?" तो समोर उभ्या ऑड्रीवर ओरडला.

"बाटलीला अर्धा चमचा! फेस धरायला तेवढीच लागते, तूच सांगायचास."

"कधी घातलीस?"

"भरताना. तू घोरत होतास तेव्हा."

विल्फचे कान लाल झाले. "मग दोनदा पडली."

"दोनदा कशी पडेल?"

"तू बहिणीकडे गेलीस, तेव्हा मी घातली. मला वाटलं, तू विसरलीस. बिनफेसाची बिअर गल्लीला पाजली असतीस, आणि नाव कुणाचं गेलं असतं? माझं!"

ऑड्री त्याच्याकडे बघतच राहिली. "तू खुर्चीतून उठलास?"

"उठलो."

"सगळी झाकणं काढलीस?"

"सगळी."

"नवी बसवलीस?"

"हो म्हणतोय ना, बाई!"

ती मटकन खाली बसली आणि ओल्या फरशीवर रडत हसू लागली. "काच आहे तिथे, ऑड्री. ऊठ," तो म्हणाला आणि हात पुढे केला. तिनं तो धरला, पण उठायची काही घाई केली नाही. बॉयलरची तक्रार बाजूला ठेवून मी केरसुणी घेतली.

उरलेल्या बाटल्यांतला वायू सोडायला हवा होता. विल्फनं वेल्डिंगचा मुखवटा चढवला, चामडी हातमोजे घातले आणि तो एकेक झाकण अलगद सैल करू लागला. मुखवट्याच्या आतून आवाज आला, "पुढच्या वेळी ज्येष्ठमध घालून बघू."

"काय घालायचं ते मी ठरवणार," ऑड्री म्हणाली.

"बादली माझी आहे!"

"बिअर माझी आहे!"

मी दार ओढून घेतलं आणि घरी आले. भिंतीपलीकडे त्यांचं भांडण चांगलंच रंगलं होतं.