हेडलाईटचा बल्ब आणि तो वास

मोटारी बनवणाऱ्या समस्त कंपन्यांविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. हेडलाईटचा बल्ब त्या अशा बिळात बसवतात, की तिथे फक्त तान्ह्या बाळाचा हात जावा. आणि पुस्तिकेत छापतात... 'बल्ब घरच्या घरी सहज बदलता येतो.'

गेल्या शनिवारी आम्ही दोघं शिंगणापूरला गेलो होतो. दर्शन झालं, चपला घातल्या, गाडीपाशी आलो, तर बायको माझ्या पायांकडे बघत उभी. "अहो, उजवी चप्पल कुठंय?"

पायात नव्हती. वळून पाहिलं तर बरीच मागे, रस्त्याच्या मधोमध एकटीच पडलेली... "शनिवारी इथे चप्पल सोडली की पीडा जाते म्हणतात, ती आपणहून निघाली," मी म्हणालो. ही हसली नाही. "अनवाणी एवढं चालत आलात, कळलं नाही?"

परतताना दिवस मावळला. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, तो सरळ आमच्या अंगावर... अगदी शेवटी बाजूला झाला. थांबून पाहतो तर आमच्या गाडीचा उजवा दिवा गेलेला. एकाक्ष गाडी त्या बिचाऱ्याला मोटरसायकल वाटली असणार.

घोडेगावात स्पेअर पार्टचं दुकान उघडं होतं. पांढऱ्या मिशांचे दुकानदार म्हणाले, "दोन्ही बदला, सायेब. एकच बदलला तं गाडी चकणी दिसती. आन काचंला हात लावू नका, लई तापती." मी मान डोलावली. पंचवीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला बल्बबद्दल काय सांगायचं!

भिंगारला घरी पोचलो तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. अंगणातच बॉनेट उघडलं, हिने मोबाईलचा टॉर्च धरला. डावा दिवा चालूच ठेवून उजवा बल्ब कसाबसा बदलला. डावा मात्र दिवा विझवताच पटकन हातात आला, तर मला कोण आनंद! वर्गात खडू धरावा तसा तो चिमटीत धरून मी हिला आतली तार दाखवत बसलो.

तेवढ्यात वास आला... केस जळल्यासारखा.

बॅटरी पाहिली, वायरी पाहिल्या. काही नाही. कोणी कचरा पेटवलाय का म्हणून फाटकापाशी गेलो, तर वास तिथेही. रस्ता रिकामा, वाऱ्याची झुळूक नाही. घराच्या मागे गेलो... तिथेही तेवढाच. वास जणू माझ्याबरोबर चालत होता. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"अहो, थांबा," मागून ही म्हणाली. तिचा आवाज वेगळाच होता. "हात बघू."

टॉर्चच्या उजेडात पाहिलं. बल्ब अजून चिमटीतच होता. घोडेगावपासून घरापर्यंत एकटा जळत आलेला, आत्ताच विझलेला बल्ब. "ठेवा आधी तो खाली!" ही ओरडली. ठेवला, तर बोटांची कातडी काचेला चिकटून राहिली. बोटांची टोकं पांढरीफटक.

मी दुखायची वाट बघत उभा राहिलो... दुखलंच नाही.

तेज म्हणजे ज्याचा स्पर्श उष्ण, ही न्यायशास्त्रातली व्याख्या मी वर्गात किती पिढ्यांकडून घोकून घेतली असेल! हिने माझा हात नळाखाली धरला. मग खाली, माझ्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. दोघांनाही ती चप्पलच आठवली होती.

गेली आठ वर्षं शुगर आहे. गोळी घेतो, पथ्याचं विचारू नका. डॉक्टर दर खेपेला विचारतात, "हातापायांना मुंग्या, बधिरपणा?" आणि मी दर खेपेला एखादा विनोद करून उठतो.

शेवटी डावा नवा बल्ब हिनेच बसवला, ओढणीच्या टोकात धरून, एका झटक्यात. (पुस्तिकेतलं 'सहज' बायकांसाठी असावं.) दोन्ही दिवे लावले, समोरची भिंत लख्ख उजळली. मग गाडीची किल्ली तिने कपाटात ठेवली, आणि मी मागितली नाही.

उद्या डॉक्टरांकडे जातोय, रिक्षाने. बोटांचं काही नाही हो, बरी होतील. पण परवा तो ट्रॅक्टर समोर आला तेव्हा मी ब्रेक दाबला होता... की दाबला असं मला नुसतं वाटलं, हे आता आठवून सांगता येत नाही. आणि शेजारच्या सीटवर ही बसली होती.