ज्याला डोकं आहे त्याला उशी लागतेच

माझी आत्या शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा तिच्याकडे उरलं एक जुनं शिलाई मशीन आणि गुडघे धरून घरी बसलेला नवरा, म्हणजे आमचे आतोबा.

"नुसती कॉलर कोण विकत घेणार?" ती म्हणाली. "उशी मात्र ज्याला डोकं आहे त्याला लागतेच."

पहिली उशी पाहून शेजारीण म्हणाली, "अगं, ही उशी आहे की बटाट्याचं पोतं?" आत्याने शिवण उसवली, कापूस बाहेर काढून बोटांनी मोकळा केला आणि पुन्हा भरला. दुसऱ्या दिवशी दुसरी उशी. मागणी असो नसो, सकाळचा चहा झाला की ती मशीनवर बसायचीच. त्या काळात आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे गाठाळ उशा होत्या. आत्याचं मन मोडायचं नाही म्हणून बिचारे मान चोळत का होईना, त्यांवर झोपत.

उशी तपासायचं काम आतोबांचं. दुपारी जेवण झालं की ते नवी उशी घेऊन आडवे होत. थोड्या वेळाने आत्या विचारायची, "कशी आहे?" उत्तर आलं नाही की उशी पास. "लोक घाम गाळून पोट भरतात, मी घोरून भरतो," असं ते पाहुण्यांना अगदी ऐटीत सांगत.

हळूहळू हात बसला, गिऱ्हाईक वाढलं. बस स्टँडजवळच्या लॉजच्या मालकाने एक उशी नेली. त्याला ती आवडली आणि त्याने सगळ्याच खोल्यांसाठी ऑर्डर दिली. इथे आत्या जरा हुरळली. एवढं मोठं काम, मग माल खासच हवा, म्हणून तिने सगळंच बदललं. कापड चकचकीत घेतलं, कापूस ठासून भरला, वर कडेने झालर लावली. घाईत आतोबांना एकदाही झोपवून पाहिलं नाही.

थोड्याच दिवसांत मालक टेम्पो भरून उशा परत घेऊन आला.

"बाई, दिसायला नवरीसारख्या आहेत," तो ओशाळून म्हणाला, "पण डोकं ठरत नाही हो. माणूस एकीकडे, उशी एकीकडे. मला तुमची ती साधीच हवी होती."

"चूक माझीच आहे. साध्या करून देते," आत्या म्हणाली.

टेम्पो गेला आणि ती त्या ढिगाऱ्यात तशीच बसून राहिली. मी सुट्टीसाठी तिच्याकडे आले होते. आतोबा गुडघे सांभाळत आले आणि तिच्या शेजारी टेकले.

"मला विचारायचं की. मी काय उगाच झोपतो?"

आत्याला डोळ्यांत पाणी असतानाच हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर ती मशीनवर होती आणि मी झालरी उसवत होते.

सुधारणा करायचं तिने काही सोडलं नाही; फक्त आता एका वेळी एकच बदल. आधी खोळीला चेन लावली, म्हणजे धुवायला सोपं. आतला कापूस तोच. ते लोकांच्या अंगवळणी पडल्यावर मग कापड थोडं मऊ घेतलं. "बदल गिऱ्हाइकाच्या डोळ्याला दिसला तर चालेल, मानेला खुपता कामा नये," असं ती म्हणायची. लॉजचा मालक आजही तिच्याकडूनच उशा नेतो.

परवा गेले तर आत्या एक कोरी उशी उसवत बसलेली. तिच्याच हाताखाली शिकलेल्या एका मुलीने पलीकडच्या गल्लीत दुकान टाकलंय, तिथून आणलेली.

"खोड काढतेस होय तिची?" मी विचारलं.

"खोड कसली? कोपरा बघ. कापूस थेट टोकापर्यंत गेलाय. माझा कोपरा कायम पोकळ राहतो."

मग मला सोबत घेऊन ती तडक त्या दुकानात गेली. मुलगी गडबडून उठली. "काकू, तुम्हाला मी काय दाखवणार?"

"कोपरा कसा भरतेस ते दाखव."

मुलीने गल्ल्यामागून लांब दांड्याचा एक लाकडी चमचा काढला आणि त्याच्या दांड्याने कापूस कोपऱ्यात सारून दाखवला. आत्याने दोनदा स्वतः करून पाहिलं, मुलीच्या पाठीवर हात ठेवला आणि घरी येताना वाटेत तसलाच चमचा विकत घेतला.