सीट चार बोटं खाली

शंभर किलोमीटरच्या माझ्या पहिल्या राइडचा सराव म्हणून मी रोज सकाळी जे. पी. नगरहून आनेकलच्या रस्त्याला सायकल काढते. वाटेत एका बसथांब्यावर पाणी प्यायला उतरते. तिथे एक बाई कारखान्याच्या बसची वाट बघत असायची. चाळिशीची, हातात डबा. न विचारता माझं मागचं चाक अंगठ्यानं दाबायची आणि कानडी मिसळून म्हणायची, "अक्का, हवा स्वल्प कमी आहे." तिचं दर वेळी बरोबर निघायचं.

शाळेला ती सायकलनं जायची. लग्नानंतर बसलीच नव्हती.

एकदा मी म्हटलं, "मारा की एक चक्कर." तिनं लगेच पदर खोचला, पण सीट उंच, पाय टेकेना. पाना माझ्या घरी. तेवढ्यात बस आली. चढता चढता ती ओरडली, "उद्या खाली करून आणा! आणि पडले तर हसायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी मी सीट चार बोटं खाली करून नेली. ती आली नव्हती. नंतरही दिसली नाही. थांब्यावरची एक बाई म्हणाली शिफ्ट बदलली, दुसरी म्हणाली काम सोडलं.

सीट खाली असली की गुडघे दुखतात. राइड आठवड्यावर आली आहे. रोज निघताना पाना हातात घेते आणि ठरवते, आजचा एक दिवस असंच जाऊ.