टाइलवरचे मासे

वडील धुळ्यात जुनी घरं पाडायच्या कामावर होते. लोकांचं पाडायचं, आणि त्यातलं उरलंसुरलं आणून आपलं बांधायचं. शिरपूरच्या अलीकडे, गावाच्या कडेला आमची दहा बाय बाराची खोली अशीच उभी राहिली. विटांचे तुकडे एका दवाखान्याचे, खिडकी शाळेची, दार कुणा वकिलाचं. वर मात्र पत्रे. पाडलेला स्लॅब काही घरी आणता येत नाही.

समोरच्या भिंतीला त्यांनी कुणाच्या तरी न्हाणीतल्या निळ्या टाइल लावल्या होत्या. प्रत्येकीवर एक मासा. काढताना एकीचाही टवका उडू दिला नव्हता. ती भिंत पत्र्यांपेक्षा हातभर उंच घेतली होती, म्हणजे रस्त्यावरून पत्रे दिसू नयेत. तिचा त्यांना फार तोरा. मलाही होता, खोटं कशाला बोलू.

आईचं हृदय कमजोर झालं होतं. उन्हाळ्यात यांना पत्र्याखाली ठेवू नका, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून आम्ही तिघं पत्र्याखालीच परत आलो. जायचं कुठे? आशा एकच, सरकारी घरकुलाची. ते कच्च्या घरात राहणाऱ्यालाच मिळणार होतं, आणि त्यासाठी पाहणी व्हायची होती.

पाहणीच्या आदल्या दिवशी गल्लीत गडबड उडाली. कुणी मोटारसायकल नातेवाइकांकडे पाठवली, कुणी चांगल्या भिंतीवर शेण फासलं, आणि फाटकी ताडपत्री तर सगळेच बांधत होते.

आई म्हणाली, "आपुन बी फाटेल ताडपत्री बांधी द्या. बठ्ठा लोकं बांधी ऱ्हायनात."

वडील भडकले. "मी काय भिकारी शे? सायेब मजार येई, पत्रा देखी."

साहेब आत येईल, पत्रे बघेल, यावर त्यांचा विश्वास होता. आणि साहेब घरी येणार म्हणून सकाळी उठून मी ती भिंत धुतली. एकेक मासा फडक्याने पुसला. दारात रांगोळीही काढली. कुणी सांगितलं नव्हतं मला.

साहेब आला, रस्त्यावरूनच मोबाइलमध्ये फोटो काढला आणि पुढे गेला. वडील "चहा ल्या, सायेब," म्हणत चार पावलं मागे गेले. यादी लागली तेव्हा आमच्या नावापुढे लिहिलं होतं : पक्के घर. अर्ज केले, खेटे घातले. पंचायतीतला माणूस तोच फोटो दाखवायचा. फोटोत भिंत नुसती चमकत होती.

त्या वैशाखात आम्ही पत्र्यावर ओली पोती टाकायचो. तासाभरात ती वाळून कडक व्हायची. आई एका दुपारी त्या पत्र्याखालीच गेली. मी तिला पाणी पाजत होते.

दहावं-तेरावं झाल्यावर वडिलांनी छिन्नी घेतली आणि सगळ्या टाइल काढल्या. मला वाटलं, फोडतील. नाही फोडल्या. एकीचाही टवका उडू न देता काढल्या आणि पोत्यात भरून ठेवल्या. त्यांच्या त्या हळू हाताचा मला तेव्हा भयंकर राग आला. माझ्या हातांचा त्याहून जास्त.

पुढे पुन्हा पाहणी आली. या वेळी नवा साहेब होता, आणि तो वाकून आत आला. त्याने पत्रे पाहिले, मान हलवली आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

"तीन," वडील म्हणाले. मग आईच्या खाटेकडे पाहत राहिले. "नही सायेब. दोन लिखा."