आमच्या हिने उकळलेला फिल्टर

आमची ही दातांच्या दवाखान्यात हत्यारं उकळते. म्हणजे आता तिथे वाफेचं यंत्र आलंय, पण ही अजून त्याला उकळणंच म्हणते. यंत्र आलं तेव्हा पहिले काही महिने यंत्रातून निघालेले चिमटे ही पुन्हा पातेल्यात घालून उकळायची. "आत बसून कोणी बघितलंय?" हा तिचा सवाल. शेवटी डॉक्टरीणबाईंनी हात जोडले तेव्हा थांबली, पण मनातून नाही.

उकळून झालं की प्रत्येक हत्यार कागदात गुंडाळायचं, वर टेप लावायची आणि टेपचं टोक नखभर आत दुमडायचं. हातमोजा घातलेल्या बोटांना ते टोक पटकन सापडतं. दवाखान्यातली ही सवय घरीही आली. साखरेच्या पिशवीपासून माझ्या गोळ्यांच्या डबीपर्यंत आमच्या घरातल्या सगळ्या टेपांची टोकं दुमडलेली असतात. दुमडलेलं टोक दिसलं नाही की ही ओळखते, कोणीतरी हात लावलाय. आता घरात आम्ही तिघं, त्यातून ही वजा केली की कोणीतरी म्हणजे कोण, हे शोधायला पोलीस लागत नाहीत.

संशयी म्हणजे किती असावं माणसानं! मी घरी उशिरा आलो तर कोणाबरोबर होतात असं ही विचारत नाही. चहा कोणत्या पाण्याचा प्यायलात, असं विचारते. दूधवाला, भाजीवाला, नळदुरुस्तीवाला, सगळे हिच्या लेखी आरोपी. दुधाने तोंड भाजलेला ताक फुंकून पितो म्हणतात; आमची ही फुंकरही गाळून घेईल.

पण तोंड खरंच भाजलं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही आणि हिची धाकटी बहीण एकदा डोंगरावर फिरायला गेल्या होत्या. वर एक झरा होता. पाणी काचेसारखं. हिने बाटली भरून बहिणीला दिली. स्वतःला तहान नव्हती म्हणून प्यायली नाही. बहिणीला ताप आला, तो उतरलाच नाही. पाठीमागे लहान मुलगी राहिली, ती आमच्याकडे आली आणि आमचीच झाली. बाटली हिने भरली होती, हे हिने मला एकदाच सांगितलं. त्या मुलीला कधीच नाही.

मुलीचं नाव काही असो, घरात ती भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ. आणि या भिंगरीला नाद लागला तो नेमका डोंगरांचा. पाठीवर बोचकं मारायचं आणि चार-चार दिवस चालत सुटायचं. हिने अबोला धरून पाहिला, उपाशी राहून पाहिलं. भिंगरी ऐकून घ्यायची, मावशीला मिठी मारायची आणि जायची. अट एकच ठरली होती: पाणी उकळून प्यायचं. भिंगरीने ती इमानाने पाळली. गॅसचे डबे वाहून वाहून तिचे खांदे सोलवटायचे. बॅगेचे पट्टे मीच शिवतो, त्यामुळे मला ते वजन ठाऊक होतं. माझं बॅगा दुरुस्त करायचं दुकान आहे आणि शेजारीच डोंगरात फिरणाऱ्यांचं सामान विकणाऱ्याचं.

त्या शेजाऱ्याकडूनच भिंगरीने तो फिल्टर आणला. वीतभर लांबीची निळी नळी, वजन अंड्याएवढं. एक दिवस तो तिने जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि हिने ताट बाजूला सरकवलं.

"हे काय आणलंस?"

"फिल्टर. ओढ्याचं पाणी या पिशवीत भरायचं, तोंडाला हे बसवायचं आणि पिशवी दाबायची. इकडून स्वच्छ पाणी येतं."

"आणि घाण?"

"ती आत अडकते."

"आत म्हणजे कुठे?"

"आत म्हणजे आतच, मावशी. उलटं पाणी मारून धुऊन टाकायची."

"म्हणजे घाण आत बसणार आणि तू तिच्यातनंच आलेलं पाणी पिणार. आज पिणार, उद्या पिणार, परवा पिणार."

माझा घास हातातच राहिला. बाई बोलली ते अगदीच वेडगळ नव्हतं. भिंगरीने मग कुंडीखालच्या ताटलीतलं गढूळ पाणी पिशवीत भरलं आणि दोन्ही हातांनी पिशवी पिळली. बोटं पांढरी पडली तेव्हा कुठे बारीक धार आली. पेला दिव्यासमोर धरून ती म्हणाली, "बघ, काचेसारखं!"

तो शब्द तिने उच्चारायला नको होता. हिने पेला घेतला आणि सरळ मोरीत ओतला.

"अगं, एवढं जग वापरतंय," मी मध्ये पडलो.

"जगाचं मला सांगू नका. तुमच्या शेजाऱ्यानेच गळ्यात मारलाय ना? त्याचं तुम्हाला काय मिळालं?"

मी ताटात डोकं घातलं. दोन दिवस घरात हाच वाद. भिंगरी म्हणायची, गॅसचं ओझं आता मला नको, चहापुरता एक लहान डबा नेईन. ही म्हणायची, मग जाऊच नकोस. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ही अचानक म्हणाली, "ने तुझा फिल्टर." आवाजात राग नाही, डोळ्यांत पाणी नाही. भिंगरी खूश झाली. मी नाही झालो. इतक्या वर्षांच्या संसारात ही एवढ्या लवकर हरल्याचं मला आठवत नव्हतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

कुठे, ते दुपारी कळलं. जेवायला घरी आलो तर भिंगरी बाजारात गेलेली आणि गॅसवर झाकण ठेवलेलं पातेलं खदखदत होतं. वास अन्नाचा नव्हता.

"काय शिजतंय?"

"तुमच्या खाण्याचं नाही."

झाकण उचलून पाहिलं. प्लास्टिकला भांड्याचा चटका लागू नये म्हणून तळाला फडकं घातलेलं, आणि वर तो निळा फिल्टर उड्या मारत होता.

"तिला विचारलंस?"

"विचारलं असतं तर हो म्हणाली असती? दुकानात कोणी कोणी हाताळला असेल, आणि परवा ते कुंडीचं पाणी घातलंय त्यात."

तिने चिमट्याने तो बाहेर काढला, झटकला, आणि आतलं पाणी जावं म्हणून एका टोकावर स्वच्छ फडकं धरून त्यातून फुंकर मारली. दवाखान्यातल्या नळ्या ती अशाच झटकते. दुसऱ्या टोकाने भस्सकन हवा आली. "बघा," ही म्हणाली, "कसा मोकळा झाला! आत काय काय साठलं होतं देव जाणे." मग स्वच्छ पट्टीत गुंडाळला, वर टेप लावली, टोक दुमडलं आणि भिंगरीच्या बॅगेत होता तिथे ठेवून दिला. मी हात धुऊन जेवायला बसलो. उकळलेल्या वस्तूने कोणाचं वाईट झाल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

भिंगरी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गेली. डोंगरात फोन लागत नाही, त्यामुळे ती परत येईपर्यंत हिचा चेहरा तारेवर वाळत घातल्यासारखा असतो. यावेळी मात्र स्वारी खुशीत होती. खुशी जिरवायची कशी, तर तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून परस्पर माझ्या शेजाऱ्याच्या दुकानात शिरली. मी मागोमाग गेलो, कारण भांडण होणार हे मला तिच्या चालीवरून कळलं.

"काय हो," ही म्हणाली, "लोकांच्या तोंडात जाणारी वस्तू तुम्ही तशीच विकता? मी होते म्हणून बरं. चांगला खळखळून उकळून दिला पोरीला."

तो दोरीचं वेटोळं करत होता. त्याचे हात थांबले.

"वहिनी, काय उकळून दिलं?"

"तुमचा फिल्टर!"

"अहो, त्याला गरम पाणी चालत नाही. गोठलेलंही चालत नाही. आत केसासारख्या बारीक नळ्या असतात, त्या फाटतात. मग पाणी गाळलं न जाता तसंच पुढे जातं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही."

"हो का?" हिने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आणि मग दुसरा घ्यावा लागतो, असंच ना?"

तो बिचारा आत गेला आणि दोन फिल्टर घेऊन आला. एक नवा. दुसरा कोणा गिऱ्हाइकाने परत आणलेला, बर्फात रात्रभर तंबूबाहेर राहिलेला. दोन्ही त्याने पाण्यात बुडवून ओले केले. "चांगला फिल्टर ओला असला की त्यातून फुंकर जात नाही," तो म्हणाला, आणि नवा तोंडाला लावणार तोच हिने तो हिसकावून घेतला. त्याच्या फुंकरीवर हिचा विश्वास असता तर आणखी काय हवं होतं! रुमालाने पुसून हिने स्वतः फुंकला. गाल फुगले, डोळे मोठे झाले, हवा तसूभर पुढे गेली नाही. मग दुसरा फुंकला. दुसऱ्या टोकाने भस्सकन हवा आली.

तो आवाज आम्ही दोघांनी ओळखला. हिच्या हातातून फिल्टर खाली पडला आणि गडगडत माझ्या पायाशी आला. "मी तिला..." एवढंच म्हणाली आणि स्टुलावर बसली. वीस वर्षांपूर्वीची ती बाटली मी कधी पाहिली नव्हती, पण त्या क्षणी ती मला हिच्या हातात दिसली.

भिंगरी कोणत्या वाटेने गेली ते दुकानदाराला माहीत होतं. खिंडीखाली एक निवारा आहे, म्हणाला, चालणारे सगळे तिथे थांबतात, आणि बसथांब्यापासून तिथे चढून जाता येतं. उद्यापर्यंत ती तिथे पोचायला हवी. हिने दवाखान्यातून तापाच्या गोळ्या आणि क्षारांच्या पुड्या आणल्या, घरून एक केटली घेतली, आणि उजाडताच आम्ही निघालो.

बसमध्ये हिने सीट पुसली नाही. चालकाच्या डोळ्यांत झोप आहे का ते वाकून पाहिलं नाही. शेजारच्या माणसाच्या खोकल्याकडे वळून पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ही कशावरच संशय घेत नव्हती, आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली.

"काही होणार नाही," मी म्हणालो.

"तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

चढणीच्या बाजूने ओढा वाहत होता. तळातले खडे मोजता येतील इतकं स्वच्छ पाणी. हिने एकदाही तिकडे पाहिलं नाही. गुडघे धरत, दम खात, पण एकदाही न बसता ही चढली. बहीण गेल्यापासून डोंगरावर पाय ठेवलेला नव्हता बाईने.

निवाऱ्याच्या पायरीवर भिंगरी बसली होती. पायात बूट नव्हते, मांडीवर पातेलं होतं आणि ती ते राखेने घासत होती. आम्हाला पाहून ताडकन उठली.

"मावशी? काका? काय झालं? कोण गेलं?"

हिने तिच्या कपाळाला हात लावला, पापणी खाली ओढून डोळा पाहिला, जीभ काढ म्हणाली. भिंगरीने घाबरून जीभही काढली.

"किती प्यायलीस?"

"काय किती प्यायले?"

"त्या फिल्टरचं पाणी गं!"

"एक थेंबही नाही," भिंगरी म्हणाली.

ऐकलेलं खरं मानायचं की नाही, ते हिला ठरवता येईना.

"पहिल्याच ओढ्यावर तो बाहेर काढला," भिंगरी सांगू लागली. "बघते तर पट्टीत गुंडाळलेला आणि टेपचं टोक दुमडलेलं. तरी पिशवी भरली, दाबली, तर पाणी भसाभस आलं. आधी दाबताना बोटं मोडायची वेळ यायची. पाणी दिसायला अगदी छान होतं. पण मला शंका आली."

"कोणाची? त्या दुकानदाराची?"

"नाही. तुझी. म्हटलं, मावशीने हा उकळला असणार."

ती मग उकळूनच पाणी प्यायली होती. चहापुरता आणलेला गॅस त्यात संपला, म्हणून पुढे न जाता ती निवाऱ्यातल्या चुलीच्या आसऱ्याने थांबली होती. उद्या माघारी फिरणार होती. मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. जगातल्या यच्चयावत वस्तूंवर संशय घेणारी ही बाई, पण आपल्या उकळण्यावर तिने कधी घेतला नव्हता. तो घेणारी एकच निघाली, आणि तीही हिच्याच हाताखाली तयार झालेली.

ही पायरीवर बसली. गोळ्यांची पिशवी मांडीवर तशीच होती.

"तुझ्या आईला ती बाटली मी भरून दिली होती," ही म्हणाली. "काचेसारखं पाणी दिसलं, म्हणून. आणि आता तुलाही मीच..."

भिंगरीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. मग आत गेली आणि चुलीजवळच्या झाकलेल्या भांड्यातून पेला भरून घेऊन आली. मावशीच्या हातात दिला आणि तिला अगदी खेटून बसली.

ही पेल्यात बघत राहिली. आता विचारणार म्हणून मी वाट पाहत होतो. हिने पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

भिंगरीलाच राहवलं नाही. "चांगलं दहा मिनिटं उकळलंय, मावशी."

"मी विचारलं का तुला?" ही म्हणाली, आणि पेला पुन्हा पुढे केला.