शेडच्या दारातले तीस आवाज

माझी नात सिद्धेश्वरी काय काम करते हे नीट सांगता यायला मला वर्ष लागलं. कुणी विचारलं की मी म्हणायचो, "घशाची डॉक्टर." ती लगेच दुरुस्त करायची, "डॉक्टर नाही अज्जा, थेरपिस्ट. बसलेला आवाज व्यायामानं उठवते." मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. आमचे गुरुजी एकाच खोलीत चार वर्ग घ्यायचे, आणि आम्ही पाढे इतक्या जोरात म्हणायचो की शेजारच्या रानात बैल बिथरायचे. ज्याचा आवाज मोठा तो पोरगा हुशार, असा हिशेब होता. आता माझ्याच घरातली पोरगी माणसांना ओरडू नका म्हणून शिकवते, याची मला लई मौज वाटते.

मैसूरला शिकून ती सोलापुरात आली ती एका वर्षाची फेलोशिप घेऊन. सकाळी दवाखान्यातल्या खोलीत आवाजाचे पेशंट बघायचे. शाळेतल्या बाई, भाजीवाल्या, एक तर कंडक्टर होता. दुपारनंतर संशोधन. त्यासाठी तिनं अक्कलकोट रोड एमआयडीसीतले यंत्रमाग कामगार निवडले. चादरी-टॉवेलच्या त्या शेडमध्ये मागांची खटखट अशी, की हातभर लांबच्या माणसालाही ओरडून सांगावं लागतं. वीस वर्षं असं ओरडलं की घसा पार खरवडून जातो.

काम असं: तीस कामगारांचा आवाज यंत्रावर नोंदवायचा, आठ आठवडे व्यायाम करून घ्यायचा, पुन्हा नोंदवायचा. पुण्याच्या मार्गदर्शक मॅडमनी आधीच बजावलं होतं, की निदान चोवीस जण शेवटपर्यंत टिकले पाहिजेत आणि अहवाल मार्चअखेर हातात पाहिजे. नाहीतर फेलोशिप संपेल आणि दवाखान्यातली ती खोलीही बंद होईल.

"मग ते पेशंट कुठं जातील?" मी विचारलं.

"पुण्याला जा म्हणून सांगायचं. म्हणजे ते कुठंच जाणार नाहीत."

व्यायाम बघण्यासारखा होता. पेल्यात पाणी, पाण्यात नळी, आणि नळीतून 'ऊऊ' करत बुडबुडे काढायचे. पहिल्या दिवशी संगमेश नावाचा कामगार, पंचेचाळिशीचा, मिशीवाला, पेला हातात धरून म्हणाला, "मॅडम, पोरगी लग्नाला आलीय माझी आन् तुमी मला शहाळं पाजताय का काय?" सगळे हसले. मी रोज तिच्या सोबतीला असायचो, मग मीच नळी तोंडात धरून बसलो. ऐंशीचा म्हातारा बुडबुडे काढतोय म्हटल्यावर बाकीच्यांची लाज गेली.

तीन आठवडे झकास चाललं. मग घोळ झाला, आणि तो माझ्याच तोंडून बाहेर आला.

सुट्टीच्या दिवशी संगमेश मला चहाच्या गाड्यावर भेटला. शेडच्या दारात हा माणूस बोलायला लागला की मी दोन पावलं मागं सरायचो. तिथं गाड्यावर मात्र घोगऱ्या पण अगदी हळू आवाजात म्हणाला, "अज्जा, निम्मा घेनार का?" मला नवल वाटलं. रात्री भाकरी खाताना मी हा किस्सा रंगवून सांगितला. सिद्धेश्वरीचा घास हातातच राहिला.

"पुन्हा सांगा. हळू बोलला?"

"लई हळू."

तिनं तिसांचे आवाज पाळी सुटताना, शेडच्या दाराजवळच्या खोलीत नोंदवले होते. त्याच वेळी माणसं मोकळी सापडायची ना. पण बारा तास मागावर उभं राहून बाहेर आलेल्या माणसाचे कान बधिर असतात. आपण ओरडतोय हे त्याला कळत नाही. पहिले तीस आवाज म्हणजे तीस ओरडणं होतं. आठ आठवड्यांनीही पाळी सुटतानाच घेतले तर पुन्हा ओरडणंच नोंदवलं जाणार, आणि निवांत वेळी घेतले तर नुसत्या विश्रांतीचा फरक व्यायामाच्या नावावर जमा होणार.

मी म्हणालो, "पण हे कुणाला कळतंय?" लिहिताना आता बरं वाटत नाही, पण म्हणालो खरं.

"कुणालाच नाही," ती म्हणाली. "उलट निकाल लई भारी येईल. मग दुसऱ्या गावात कुणीतरी हेच हजार माणसांकडनं करून घेईल, आणि फरक पडला नाही की त्यांनाच म्हणेल, तुम्ही नीट केलं नाही."

त्याच वेळी तिनं मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "मुदत वाढणार नाही."

"वाढवू नका मॅडम. नव्यानं करायची परवानगी द्या."

परवानगी मिळाली, पण जुने तीस आता चालत नव्हते, त्यांनी तीन आठवडे बुडबुडे काढलेले. नवे तीस शोधायचे होते, आणि मार्च गाठायचा तर दहा दिवसांत. तिनं संगमेशला खरं ते सांगितलं.

"म्हंजे आमी तीन हप्ते फुकट नळी फुकली?"

"फुकट नाही मामा, व्यायाम चालूच ठेवा. तुमचा आवाज सुधारेल. फक्त तुमचं नाव कागदावर येणार नाही. चूक माझी आहे."

संगमेशनं मिशीवरनं हात फिरवला. "शाळंत बी माझं नाव कागदावर आलं न्हाय कदी," म्हणाला, आणि तिला घेऊन शेजारच्या शेडमध्ये गेला. तिथं एकानं टिंगल केली, "आता डॉक्टरीण बाई फुगे फुगवायला शिकवनार." संगमेश म्हणाला, "तुझी बायको फोनवर तुला वळखती का रं? माझी आता वळखती." आठ दिवसांत तिसांची यादी भरली.

या वेळी नोंद पाळी सुरू व्हायच्या आधी. साडेसहाला आम्ही गेटवर. मुकादमाची खोली, चारी भिंतींना जाड चादरी टांगलेल्या, आवाज घुमू नये म्हणून. कडाक्याची थंडी. मी स्वेटर, मफलर, कानटोपी घालून खुर्चीवर, आणि ही पोरगी एकेकाला 'आ' धरायला लावतेय. एक दिवस चुकवला नाही. ताप आला, तरी आली.

तरी माणसं गळतातच. कुणी गाव गाठलं, कुणी कारखाना बदलला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटच्या नोंदी सुरू झाल्या, आणि तेवीस झाल्यावर थांबल्या. चोविसावी होती नागम्मा, मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी. ती लेकीच्या बाळंतपणाला मोडनिंबला गेलेली.

"चल," मी म्हणालो. पण सिद्धेश्वरी आधीच चप्पल घालून उभी होती.

सकाळच्या एसटीनं मोडनिंब. लेकीचं घर हायवेला लागून, ट्रकांचा आवाज थांबेना. नागम्मा नातीला मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "मॅडम, येवढ्यासाठी आलात? नळी मी हितं बी आनलीय की. बुडबुडं काढलं की ही पोर झोपती." तिनं करून दाखवलं, आणि खरंच, बाळाचे डोळे मिटले.

ज्वारीच्या पोत्यांच्या खोलीत दार लावलं तेव्हा कुठं ट्रकांचा आवाज दबला. नागम्मानं श्वास घेतला आणि 'आ' धरला. जानेवारीत नऊ सेकंदांत तिचा आवाज फाटायचा. या वेळी तेरा सेकंद चालला. सिद्धेश्वरीनं तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. पोत्यावर बसूनच नोंद लिहिली.

परतीच्या गाडीत मी विचारलं, निकाल कसा म्हणून.

"बरा आहे. आधीच्या मोजणीनं आला असता त्याच्या निम्मा."

अहवाल वेळेत गेला. एप्रिलात पत्र आलं, खोली चालू राहील, फेलोशिप आणखी एक वर्ष. अहवालात तिनं पहिल्या मोजणीची चूक एक आख्खं पान लिहिली होती, आणि मॅडमना सगळ्यात जास्त फोन त्या पानासाठीच आले म्हणे.

"त्या पानावर माझं नाव आहे का?" मी विचारलं.

"नाव घालता येत नाही अज्जा. 'एका नातेवाइकाच्या निरीक्षणावरून' असं लिहिलंय."

त्या पानाची झेरॉक्स माझ्या खिशात असते. कॉलनीत कुणी वेळ विचारली तरी मी आधी ती काढतो.