दारवाल्या सुताराची लाँच

मी वारज्यातला दारं-खिडक्यांचा सुतार. चौथीत नापास झालो तो आजतागायत पास नाही. माझी ख्याती एकच, मी बसवलेलं दार पावसाळ्यात उघडत नाही. आमच्या घरचं दार बायको खांद्याने ढकलते आणि शेजारणींना ऐकवते, "आमच्या ह्यांचं काम आहे."

अशा माणसाला नारायण पेठेतल्या एका काकांनी त्यांच्या वडिलांची लाकडी मोटर लाँच दुरुस्तीला दिली. कोकणातून आणलेली, कित्येक वर्षं शेडमध्ये वाळत पडलेली. मी कुजक्या फळ्या बदलल्या, फटींत कापूस ठासला, रंग दिला. धरणाच्या पाण्यात उतरवली, तर चाळणीसारखं पाणी आत!

मी बोंबललो, "काका, बुडवली मी तुमच्या वडिलांची लाँच! ओढा बाहेर!"

काका ढिम्म. "अहो मिस्त्री, पावसाळ्यात तुमची दारं का अडकतात?"

"लाकूड फुगतं म्हणून."

"मग हेही लाकूडच आहे ना? का प्लास्टिक लावलंत? राहू द्या पाण्यात."

काठाशी उथळ पाण्यात ती बांधून ठेवली. दोन दिवसांनी आतलं पाणी उपसलं आणि आम्ही बघत बसलो. नवीन पाणी आलंच नाही. फळ्या फुगून एकमेकींना अशा चिकटल्या होत्या, की फटी दिसेनात.

पहिल्या फेरीला काकांनी माझ्या बायकोलाही बोलावलं. तिने आधी तळाच्या फळ्यांवरून हात फिरवला. तळवा कोरडा. मग इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ती काठावरच्या लोकांना म्हणाली, "आमच्या ह्यांचं काम आहे!"